‘डोसियर पाठवून काय मिळालं?’

प्रश्न थोडक्यात असा आहे: २६/११ नंतर आपण पाकिस्तानला कागदपत्रं पाठवत बसलो, त्यातून काही निघालं नाही. पहलगामनंतर पुन्हा तेच ‘आंतरराष्ट्रीय कायदा, संयुक्त राष्ट्रं’ सुरू झालं. युद्ध नको म्हणणाऱ्यांकडे चालणारा एखादा रस्ता खरोखर आहे का, की नुसती सभ्य भाषा आहे?

मी फौजदारी वकील आहे. परदेशातून पुरावे मागवणं आणि प्रत्यार्पण या दोन कामांत माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे उत्तर त्या टेबलाच्या बाजूने देतो. पहलगामला २२ एप्रिल २०२५ रोजी २६ माणसं मारली गेली, त्यांत महाराष्ट्रातले सहाजण होते. त्यानंतर कुणी चिडून हा प्रश्न विचारला तर त्यात वावगं काही नाही. पण ‘काही निघालं नाही’ हे विधान तपासून पाहिलं पाहिजे. माझ्या मते निघालं ते पुराव्याच्या जोरावर निघालं, अडलं ते बहुतेक वेळा पुराव्यापाशी किंवा आपल्याच पोलीस कोठडीपाशी अडलं. पाकिस्तानच्या हेतूचा भाग आहेच, त्यावर पुढे येतो.

आधी २६/११ चा तपास बघा. हल्लेखोर आले ती रबरी होडी. तिचं यामाहा इंजिन जपानमध्ये बनलेलं आणि पाकिस्तानात आयात झालेलं, हे क्रमांकावरून सिद्ध झालं. ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाऊसमधल्या हल्लेखोरांना हुकूम मिळत होते ते इंटरनेटवरून फिरवलेल्या फोनवर. समोर दिसणाऱ्या क्रमांकाला ऑस्ट्रियाचा संकेतांक, सेवा न्यू जर्सीतल्या कंपनीची, आणि त्या खात्यात पैसे भरले गेले इटलीतल्या ब्रेशिया गावातून. म्हणजे एका फोनकॉलचा माग काढायला तीन देशांची दारं ठोठवावी लागली. एफबीआयच्या माणसांनी मुंबईच्या न्यायालयात येऊन साक्ष दिली. इटलीच्या पोलिसांनी २००९ च्या नोव्हेंबरात ब्रेशियात दोघांना अटक केली. विमानं पाठवून हे झालं नसतं. बॉम्बने कंपनीच्या सर्व्हरवरची नोंद मिळत नाही, आणि ज्या देशाला आपण युद्धखोर वाटतो तो देश आपल्या तपासाला माणूसही देत नाही.

आणि या सगळ्याच्या मुळाशी एक जिवंत आरोपी होता. तुकाराम ओंबळे यांनी हातात फक्त लाठी असताना कसाबची बंदूक धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, म्हणून तो जिवंत हाती लागला. आमच्या धंद्यात या गोष्टीची किंमत काय आहे ते बाहेरच्यांना पटकन कळत नाही. कसाब त्या रात्री मेला असता तर ‘हे दहाजण आमचे नव्हेतच’ ही भूमिका बरीच वर्षं टिकली असती. त्याचा गाव, त्याचं प्रशिक्षण, कराचीहून निघालेली बोट, हे सगळं जबाबात आलं आणि बाहेरच्या पुराव्याशी जुळलं. १२ फेब्रुवारी २००९ रोजी पाकिस्तान सरकारला जाहीर मान्य करावं लागलं की कटाचा काही भाग आपल्या भूमीवर शिजला. ज्या डोसियरची आज टिंगल होते, ते ५ जानेवारीला दिलेलं होतं. अवघ्या पाच-सहा आठवड्यांतली ही गोष्ट.

कसाबचा खटला हेही एक काम होतं. त्याचं वकीलपत्र कोण घेणार, यावरून मुंबईत वाद झाले, धमक्या झाल्या. तरी त्याला वकील मिळाला, उलटतपासण्या झाल्या, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय दोन्हीकडे त्याची बाजू मांडली गेली. सर्वोच्च न्यायालयाने तर त्यासाठी राजू रामचंद्रन यांच्यासारखा ज्येष्ठ वकील नेमला. विशेष न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांनी मे २०१० मध्ये कसाबला फाशी सुनावली आणि त्याच निकालात दोन भारतीय आरोपींना पुराव्याअभावी सोडलं. त्या सुटकेवर तेव्हा फार बोंब झाली. पण परदेशातल्या न्यायाधीशासमोर ‘भारतात निष्पक्ष खटला होत नाही’ असं कुणी म्हणालं की सरकारी वकील दाखवू शकतो तो हाच निकाल.

दाखवायची वेळ आलीही. २०१२ च्या जूनमध्ये सौदी अरेबियाने जबिउद्दीन अन्सारी ऊर्फ अबू जुंदाल याला भारतात पाठवलं. तो मूळचा बीडचा. कराचीतल्या नियंत्रण कक्षात बसून हल्लेखोरांना हिंदीत सूचना देणाऱ्यांपैकी एक तो, असं फिर्यादी पक्षाचं म्हणणं. पाकिस्तानही त्याला आपला म्हणून मागत होता, आणि तो भारतीयच आहे हे ठरवायला घरच्यांशी डीएनए जुळवावा लागला. सौदी तेव्हा पाकिस्तानचा किती जवळचा होता ते लक्षात घ्या. मग हल्ल्याआधी मुंबईची टेहळणी करून गेलेला डेव्हिड हेडली. २०१० मध्ये त्याने अमेरिकेत गुन्हा कबूल केला तो भारताकडे न सोपवण्याच्या अटीवर, आणि ३५ वर्षांची शिक्षा घेतली. ही अट आपल्याला झोंबली, आजही झोंबते. पण फेब्रुवारी २०१६ मध्ये तोच हेडली माफीचा साक्षीदार म्हणून व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवरून मुंबईच्या न्यायालयात बोलला.

तिसरा हेडलीचा मित्र तहव्वूर राणा. शिकागोच्या ज्युरीने २०११ मध्ये त्याला मुंबई हल्ल्याच्या आरोपातून सोडलं होतं, फक्त डेन्मार्कच्या वृत्तपत्रावरचा कट आणि लष्कर-ए-तोयबाला मदत एवढ्यावर दोषी ठरवलं होतं. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला नाही, या मुद्द्यावर तो अमेरिकेत प्रत्येक पायरीवर भांडला. भारताने लावलेली कलमं वेगळी आहेत, बनावट कागदपत्रांसारखे त्यांचे घटक वेगळे आहेत, हे तिथल्या न्यायालयांना पटवावं लागलं. विनंती २०२० ची, आणि तो दिल्लीत उतरला १० एप्रिल २०२५ रोजी. पाच वर्षं. हे संथ आहे का? आहे. पण अमेरिकेसारख्या देशातून, एकदा निर्दोष सुटलेल्या आरोपावर माणूस आणणं हे मी माझ्या कारकिर्दीत क्वचित घडलेलं पाहिलं आहे.

आता न निघालेलं. रावळपिंडीत लष्कर-ए-तोयबाचा कमांडर झकीउर रहमान लखवी याच्यासह सातजणांवर खटला सुरू झाला आणि कुजला. तिथून आलेल्या न्यायिक आयोगाला २०१२ मध्ये आपण साक्षीदारांची उलटतपासणी करू दिली नाही, मग त्यांच्या न्यायालयाने आयोगाचं कामच पुरावा म्हणून नाकारलं. आयोग २०१३ मध्ये पुन्हा आला तेव्हा उलटतपासणी झाली. दीड वर्ष असंच गेलं, आणि त्यातला काही दोष आपला. त्याच वर्षी मे महिन्यात तिथले सरकारी वकील चौधरी झुल्फिकार अली यांना इस्लामाबादमध्ये गोळ्या घालून मारलं. लखवीला डिसेंबर २०१४ मध्ये जामीन मिळाला, पुढच्या एप्रिलमध्ये तो बाहेर आला. इथे नियतच नव्हती, हे मी मान्य करतो. जो देश आरोपीला आसरा देतो त्याच्याच न्यायालयाकडून शिक्षा मागणं हा या पद्धतीतला सगळ्यात कमकुवत सांधा आहे.

पण पुढे काय झालं बघा. जून २०१८ मध्ये एफएटीएफने पाकिस्तानला करड्या यादीत टाकलं. हे काही न्यायालय नव्हे, सैन्य नव्हे. पैशाची अफरातफर आणि दहशतवादाचा पैसा यांवर नियम ठरवणारी सरकारांची एक संस्था. तिचं हत्यार म्हणजे ठपका. यादीत आलेल्या देशाशी व्यवहार करताना परदेशी बँका जास्त कागद मागतात, प्रत्येक हस्तांतरणाकडे संशयाने बघतात, कर्ज महाग होतं. आणि सुरक्षा परिषदेत असतो तसा नकाराधिकार तिथे नाही, त्यामुळे एकटा चीन ढाल धरू शकत नाही. पाकिस्तानला २७ कलमांची यादी मिळाली, नंतर आणखी सात. जुलै २०१९ मध्ये लष्कर-ए-तोयबाचा संस्थापक हाफिज सईदला अटक झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये, पॅरिसच्या बैठकीच्या तोंडावर, त्याला शिक्षा झाली. लखवी जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा आत गेला. २६/११ च्या सूत्रधारांपैकी एक साजिद मीर, जो मेल्याचं सांगितलं जात होतं, तो २०२२ मध्ये जिवंत निघाला आणि त्याला १५ वर्षांची शिक्षा झाल्याची बातमी आली. ऑक्टोबर २०२२ मध्ये पाकिस्तान यादीतून सुटला.

या शिक्षा पैशाच्या गुन्ह्यांसाठी होत्या. १६६ माणसांच्या हत्येसाठी एकही नाही. तुरुंगात त्यांची बडदास्त कशी असेल याबद्दल मलाही भाबडा विश्वास नाही. तरी तुलना करा: दहा वर्षं राजनैतिक निषेध झाले आणि लखवी सुटला, चार वर्षं बँकांचा दाब आला आणि तिघेही आत गेले. माझा निष्कर्ष एवढाच, की नियत नसलेल्या सरकारला तिजोरीची भाषा कळते. यादीतून नाव निघताच दाब सैल झाला, हेही खरं, आणि ती चूक भारताची एकट्याची नव्हती.

‘हे आपल्यापुरतं ठीक, पण जगात कुठे चाललंय?’ असं विचाराल तर लॉकरबी. ही गोष्ट मी नव्या वकिलांना पूर्ण सांगतो, कारण तिच्यात दोन्ही रस्ते एकाच देशाच्या बाबतीत वापरलेले दिसतात. ५ एप्रिल १९८६ रोजी बर्लिनच्या ला बेल डिस्कोथेकमध्ये स्फोट झाला, अमेरिकी सैनिक मेले. दहा दिवसांत रेगन यांनी त्रिपोली आणि बेनगाझीवर बॉम्ब टाकले. लिबियाला धडा शिकवला, असं तेव्हा म्हटलं गेलं. २१ डिसेंबर १९८८ रोजी पॅन ॲमचं १०३ क्रमांकाचं विमान स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर कोसळलं. विमानातले २५९ आणि गावातले ११, मिळून २७० मेले.

या वेळी बॉम्ब टाकले नाहीत. स्कॉटलंडच्या पोलिसांनी मैलोन्‌मैल शेतं आणि रानं पिंजून काढली. नखाएवढा सर्किटचा तुकडा मिळाला, तो एका स्विस कंपनीच्या टायमरशी जुळवला गेला. बॉम्बच्या बॅगेतले कपडे माल्टामधल्या एका दुकानापर्यंत पोचले. १९९१ मध्ये दोन लिबियनांवर आरोप ठेवले. सुरक्षा परिषदेने १९९२ मध्ये आधी ठराव ७३१ करून मागणी केली, मग ७४८ ने विमानवाहतूक आणि शस्त्रांवर बंदी घातली, १९९३ मध्ये ८८३ ने काही मालमत्ता गोठवली आणि तेल उद्योगाच्या सामानावर बंदी आणली. गद्दाफी आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, वेळ काढला. शेवटी तोडगा निघाला तो असा: खटला नेदरलँड्समध्ये, कँप झाइस्ट नावाच्या जुन्या लष्करी तळावर, पण न्यायाधीश स्कॉटिश, कायदा स्कॉटिश, ज्युरी नाही. एप्रिल १९९९ मध्ये लिबियाने दोघांना सोपवलं. जानेवारी २००१ मध्ये एक दोषी, एक निर्दोष. २००३ मध्ये लिबियाने जबाबदारी घेतली आणि नुकसानभरपाई म्हणून २७० कोटी डॉलर कबूल केले.

दोषी ठरलेल्या मगराहीच्या शिक्षेवर पुढे गंभीर शंका घेतल्या गेल्या, हेही सांगायला हवं. त्याला २००९ मध्ये कर्करोगामुळे सोडलं, त्यावर मृतांच्या नातेवाइकांत दुफळी झाली. सगळं स्वच्छ नाही. पण बॉम्बहल्ल्याने लिबियाचा हात थांबला नव्हता आणि खटल्याच्या मागणीने, निर्बंधांच्या जोडीने, तो देश वठणीवर आला. आणि ला बेलचं काय? तिथेही शेवटी बर्लिनच्या न्यायालयाने २००१ मध्ये चौघांना शिक्षा दिली. १५ वर्षं लागली, पण बॉम्बहल्ल्यात जे कळलं नाही ते, म्हणजे नावं, तिथे कळली.

यावर हुशार वाचक म्हणेल, लिबिया एकटा होता, पाकिस्तानकडे अणुबॉम्ब आहे आणि चीन आहे. बरोबर. जैश-ए-महंमदच्या मसूद अझहरचं नाव संयुक्त राष्ट्रांच्या १२६७ यादीत, म्हणजे निर्बंध घातलेल्या दहशतवाद्यांच्या यादीत, घालायला दहा वर्षं लागली. चीनने वारंवार अडवलं आणि १ मे २०१९ रोजी सोडलं. भारताने १९९६ मध्ये मांडलेला दहशतवादविरोधी सर्वंकष करार अजून आमसभेत अडकलेला आहे, मुख्यतः दहशतवादी कुणाला म्हणायचं यावर. तिथे ताकद घालवण्यात फारसा अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. बॉम्बस्फोट, ओलीस, विमान अपहरण, पैसा यांवर एकेक करार आधीच आहेत आणि त्यांत ‘सोपवा नाहीतर स्वतः खटला चालवा’ ही अट आहे. काम चालतं ते त्यांवर.

अबू सालेम घ्या. पोर्तुगालशी आपला प्रत्यार्पण करार नव्हता. आपण बॉम्बस्फोटविरोधी कराराचा आधार घेतला. १२ मार्च १९९३ च्या स्फोटांत मुंबईत २५७ माणसं मेली, पण पोर्तुगालच्या कायद्यात फाशी नाही आणि आमरण कैदही नाही. मग लालकृष्ण अडवाणींनी डिसेंबर २००२ मध्ये भारत सरकारच्या वतीने हमी दिली: फाशी नाही, २५ वर्षांहून जास्त कैद नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये तो मुंबईत आला. इथे आल्यावर काही वाढीव कलमं लावली गेली आणि लिस्बनमध्ये आपल्यावर हमी मोडल्याचा ठपका आला. २०१७ मध्ये ज्या निकालात दोघांना फाशी झाली त्यातच सालेमला जन्मठेप झाली. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, २५ वर्षं पूर्ण झाली की सरकारने हमी पाळायची. लोक चिडतात, ‘आपल्या न्यायालयाला पोर्तुगाल कोण सांगणार?’ म्हणतात. पण ती हमी मोडली तर उद्या दुसरा कुठला युरोपीय देश आपल्या शब्दावर माणूस देईल?

जो माणूस आपल्याला मिळाला नाही त्याचंही उदाहरण देतो. पुरुलियात १९९५ मध्ये विमानातून शस्त्रं टाकल्याच्या प्रकरणातला किम डेव्ही. डेन्मार्कच्या न्यायालयाने २०११ मध्ये त्याला देण्यास नकार दिला, पुन्हा २०२४ मध्येही. कारण: भारतात त्याचा छळ होण्याची भीती. आपण छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही केली, पण आजवर त्याला मान्यता दिलेली नाही. प्रत्यार्पणाच्या कामात हा मुद्दा समोरचा वकील हमखास काढतो, आणि आपल्याकडे देण्यासारखं उत्तर नसतं. पोलीस ठाण्यात बसलेल्या फटक्याचा हिशेब कोपनहेगनला होतो.

आणि घरीही होतो. ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांत १८० हून अधिक माणसं गेली. विशेष न्यायालयाने दोषी ठरवलेले बाराही आरोपी मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी सोडले. कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत, छळ करून घेतल्याचं दिसतं, हे एक मोठं कारण. सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांत तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही असा आदेश दिला, आणि प्रकरण पुढे चालू आहे. पण १९ वर्षांनंतरही ज्यांची माणसं गेली त्यांना ‘कुणी केलं’ याचं पक्कं उत्तर मिळालेलं नाही. कॅनडानेही असंच गमावलं. कॅनडातून निघालेल्या एअर इंडियाच्या कनिष्क विमानातल्या बॉम्बस्फोटात २३ जून १९८५ रोजी ३२९ माणसं मेली. त्यांच्या गुप्तचर खात्याने संशयितांच्या फोनच्या शेकडो टेपा पुसून टाकल्या होत्या, आणि २००५ मध्ये दोन मुख्य आरोपी सुटले.

मग बळाचा वापर कधीच नको का? मी तसं म्हणत नाही. हल्ला चालू असताना एनएसजी लागते, सीमेवर जवान लागतो, आणि संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं ५१ वं कलम स्वसंरक्षणाचा हक्क देतं. मे २०२५ मधल्या कारवाईवर लष्करी मत द्यायला मी लायक नाही. माझा आक्षेप तिला पर्याय समजण्यावर आहे. तळ उद्ध्वस्त होतो, पण हुकूम कुणी दिला, पैसे कुठून आले, वाट कुणी दाखवली, हे प्रश्न जसेच्या तसे राहतात. आणि पूंछमध्ये तोफगोळ्यांनी घरं पडतात ती या प्रश्नांशी संबंध नसलेल्यांची. अमेरिकेने २००१ मध्ये अफगाणिस्तानात युद्ध सुरू केलं आणि २० वर्षांनी तालिबानच्याच हाती काबूल सोडून आली. ११ सप्टेंबरच्या कटातल्या मुख्य आरोपींचा खटला ग्वांतानामोत अजून अडकलेला आहे, आणि त्यांचा छळ करून घेतलेल्या जबाबांचं काय करायचं हा वाद त्याचं एक मोठं कारण आहे.

रोजच्या कामात खरी अडचण कुठे येते ते सांगतो, कारण टीव्हीवर ती दिसत नाही. परदेशातून पुरावा हवा असेल तर तपास अधिकारी न्यायालयाकडून विनंतीपत्र घेतो. पूर्वी त्याला लेटर रोगेटरी म्हणायचो, आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ११२ वं कलम. ते गृह मंत्रालयामार्फत जातं. परत येण्याची कारणं ठरलेली: नेमकं काय हवं ते लिहिलेलं नसतं, ‘संबंधित सर्व माहिती द्यावी’ असं मोघम असतं, तो प्रकार त्यांच्या कायद्यानेही गुन्हा आहे हे दाखवलेलं नसतं, पंचनाम्याचं भाषांतर इतकं वाईट असतं की तिथल्या अधिकाऱ्याला हत्यार कुठे सापडलं तेच कळत नाही. दरम्यान इंटरनेट कंपनीकडची नोंद ठरावीक मुदतीनंतर पुसली जाते. ही नोंद जपून ठेवा असं पत्र पहिल्या काही दिवसांत गेलं पाहिजे, विनंतीपत्र मागून गेलं तरी चालतं. हे ज्या तपास अधिकाऱ्याला माहीत असतं त्याचं प्रकरण टिकतं.

राणाचा खटला आता दिल्लीत आहे. बातम्यांत तो काय बोलला हे येईल. मी बघणार आहे ते वेगळं. ज्या कलमांवर अमेरिकेने तो दिला त्याच कलमांवर खटला चालवणं बंधनकारक आहे, नवं कलम लावायचं तर त्यांची संमती हवी. सालेमच्या वेळी जे झालं ते इथे होता कामा नये. त्याच्या वकिलाला कागद वेळेवर मिळतात का, कोठडीतल्या तपासण्यांच्या नोंदी नीट ठेवल्या जातात का, हेडलीची साक्ष उलटतपासणीत टिकते का, याकडे दुसऱ्या देशांतल्या प्रत्यार्पण न्यायालयांचंही लक्ष असेल. पुढचा अर्ज कुणासाठीही असो, त्याला जोडायचा पहिला कागद या खटल्याचा निकाल असणार आहे.